पाण्यातला श्वास : प्रस्तावना

बाजारात मासा घेताना आपण आधी त्याचा कल्ला उचलतो. माझी आजी कोळणीला भाव विचारण्याआधी बांगड्याच्या गालाखाली अंगठा घालून बघायची. आत लालभडक दिसले तर मासा ताजा. विटकरी, करडे दिसले की ती पुढच्या पाटीकडे वळायची. किनाऱ्यावरच्या घरांत ही रीत मुलांना न शिकवता येते. पण तो लाल रंग नेमका तिथेच का, हे मला प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षापर्यंत कुणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. तिथे माशाचे रक्त आणि बाहेरचे पाणी यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढाच पडदा असतो, आणि रक्ताचा रंग त्यातून सरळ दिसतो. एरवी खवले पांघरून वावरणारा हा जीव या एका ठिकाणी जवळजवळ उघडा असतो, कारण श्वासासाठी त्याला तितके उघडे व्हावेच लागते. प्रस्तुत पुस्तक त्या झाकणाखालच्या जागेविषयी आहे.

मासा पाण्यात श्वास कसा घेतो, याला शाळेत एका शब्दाचे उत्तर मिळते: कल्ल्यांनी. ते अवयवाचे नाव झाले, उत्तर झाले नाही. शिकल्यासवरल्या माणसांच्या मनातही एक गैरसमज घर करून असतो. पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बनलेले, तेव्हा मासा त्यातलाच ऑक्सिजन वेगळा करून घेत असणार, असे त्यांना वाटते. पाण्याचा रेणू फोडण्याची ताकद कल्ल्यात नसते. माशाला मिळतो तो हवेतून किंवा पाणवनस्पतींकडून येऊन पाण्यात विरघळलेला प्राणवायू, आणि तो फार थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. उन्हाळ्यात ३० अंशांपर्यंत तापलेल्या तळ्याच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम ५ मिलिलिटर भरतो. तेवढ्यासाठी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड पाणी तोंडातून आत घ्यायचे आणि कल्ल्यांवरून बाहेर ढकलायचे, तेही जन्मभर, न थांबता. शिवाय पाण्यात प्राणवायू हवेपेक्षा जवळपास १०,००० पट सावकाश पसरतो. म्हणजे पाणी हलते ठेवले नाही, तर कल्ल्याला चिकटून असलेल्या थरातला साठा क्षणात संपतो आणि शेजारचा वेळेवर येऊन पोहोचत नाही.

या कंगालीवर माशाने काढलेला मार्ग मला सजीवसृष्टीतल्या सर्वांत देखण्या रचनांपैकी एक वाटतो. तोंड उघडते तेव्हा कल्ल्यांचे झाकण मिटलेले असते. तोंड मिटते तेव्हा झाकण उघडते. तोंडाची पोकळी आणि झाकणामागची पोकळी असे हे दोन पंप एकापाठोपाठ चालतात, त्यामुळे कल्ल्यांवरून पाण्याचा प्रवाह जवळजवळ अखंड राहतो. आपला श्वास भात्यासारखा आत-बाहेर होतो, माशाचा नदीसारखा एकाच दिशेने वाहतो. आत दोन्ही बाजूंना चार-चार कमानी, प्रत्येक कमानीवर तंतूंच्या दोन ओळी, प्रत्येक तंतूवर अतिशय पातळ झालरी. या झालरींमधले रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहते, आणि सगळी किमया त्या उलटेपणात आहे. दोन्ही एकाच दिशेने वाहिले असते तर वाटेत कुठेतरी दोघांतला प्राणवायू समसमान झाला असता आणि देवघेव थांबली असती. उलट दिशेमुळे जवळजवळ भरत आलेल्या रक्ताची गाठ शेवटी अगदी ताज्या पाण्याशी पडते आणि पाण्यात प्राणवायू थोडा जास्त शिल्लक असतोच. म्हणून काही मासे पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत प्राणवायू काढून घेऊ शकतात, तर आपली फुप्फुसे हवेतला साधारण २५ टक्केच घेतात. १९५२ मध्ये हेझेलहॉफ आणि एव्हनहुइस या संशोधकांनी टेंच या माशाच्या कल्ल्यांवरून पाणी मुद्दाम उलट दिशेने सोडले, तेव्हा ५१ टक्क्यांवरचे शोषण ९ टक्क्यांवर आले. अवयव तोच, पाणी तेच, फक्त दिशा बदलली.

आता दुसरा प्रश्न, जो लहान मुले हमखास विचारतात आणि मोठी माणसे हसून टाळतात: मासा बुडतो का? मराठीत हा प्रश्न विचारतानाच भाषा आडवी येते. आपल्या ‘बुडणे’ या शब्दात तळाशी जाणे, पाण्याखाली असणे आणि पाण्यात जीव जाणे हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. पहिल्या दोन अर्थांनी मासा जन्मभर बुडालेलाच असतो. तिसरा अर्थ धरायचा तर आधी बुडणे म्हणजे काय ते ठरवावे लागेल. २००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या जागतिक परिषदेत वैद्यकशास्त्राने केलेली व्याख्या सोपी आहे. द्रवाखाली गेल्यामुळे किंवा द्रवात असल्यामुळे श्वासात अडथळा येण्याची प्रक्रिया म्हणजे बुडणे. ती माणसासाठी केली होती, पण तिच्या कसोटीवर काही मासे अक्षरशः बुडतात.

आपल्याकडची मरळ घ्या. मोठ्या वाढलेल्या मरळीचे नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. डोक्यात कल्ल्यांच्या वर असलेल्या पोकळीत हवा भरून घेण्यासाठी तिला अधूनमधून पाण्याच्या पृष्ठभागाशी यावेच लागते. पाण्याखाली जाळ्यात अडकून राहिली तर भोवताली पाणी कितीही स्वच्छ असो, ती मरते. हाच गुण तिला बाजारात तगवतो. घमेल्यातल्या ओंजळभर पाण्यात मरळ तासन्‌तास जिवंत राहते, तर शेजारचा रोहू केव्हाच निपचित पडलेला असतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला महाकाय अरापाइमा, तिथलाच विजेचा झटका देणारा ईल, आफ्रिकेतला फुप्फुसमासा हे याच जातकुळीचे. कुपा म्हणजे ट्यूना आणि काही मुशींची गोष्ट वेगळी. त्यांना हवा नको असते, पण तोंड उघडे ठेवून सतत पोहत राहणे हाच त्यांचा पंप असतो. पोहणे थांबले की कल्ल्यांवरचे पाणी थांबते. जाळ्यात जखडलेला कुपा पाण्यातच गुदमरतो. (सगळ्याच मुशींना हे लागू नाही, कित्येक जाती तळाशी निवांत पडून तोंडाने पाणी ओढतात. थांबली की प्रत्येक मुशी मरते हा चित्रपटांनी पसरवलेला समज या पुस्तकाने खोडला, याचे मला समाधान आहे.) आणि तिसरा प्रकार सर्वांत साधा, सर्वांत जास्त घडणारा: पाण्यातला प्राणवायूच संपतो. तेव्हा कुठलाही मासा गुदमरतो, त्याचे कल्ले कितीही कुशल असोत.

या विषयाचा इतिहास चुकीच्या पण बुद्धिमान उत्तरांचा इतिहास आहे, आणि म्हणूनच तो नवख्या वाचकाला आवडेल. ॲनॅक्सागोरस आणि डायोजेनिस या ग्रीक विचारवंतांचे म्हणणे होते की मासेही हवा घेतात, पाण्यातून. ॲरिस्टॉटलने ते खोडून काढले. ज्यांना फुप्फुसे नाहीत ते श्वास घेत नाहीत. कल्ल्यांतून जाणारे पाणी शरीरातली उष्णता शमवते, असे त्याचे मत. त्याचा एक आक्षेप मात्र आजही दाद द्यावी असा आहे. माशाला हवा हवी असेल, तर हवेने भरलेल्या जगात आणताच तो मरतो कसा? डायोजेनिसने दिलेले उत्तर, की बाहेर त्याला हवा फार होते, ॲरिस्टॉटलला हास्यास्पद वाटले. खरे कारण समजायला कल्ल्यांची सूक्ष्म रचना दिसावी लागली. त्या पातळ झालरींना पाणी तोलून धरते. बाहेर काढताच त्या ओल्या केसांसारख्या एकमेकींना चिकटतात, श्वासाचे क्षेत्रफळ कोसळते, आणि प्राणवायूच्या समुद्रात मासा प्राणवायूवाचून मरतो. तुकोबांच्या अभंगातल्या तळमळणाऱ्या मासोळीचे शरीरशास्त्र हे असे आहे.

सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइलने हवा काढून घेणाऱ्या पंपाखाली पाण्यातले मासे ठेवून पाहिले. १६७४ मध्ये जॉन मेयो याने कल्ले पाण्यातून हवेचाच एक जीवनदायी अंश घेतात असे मांडले, म्हणजे प्राणवायूचा शोध लागण्याच्या शंभर वर्षे आधी. १८०९ मध्ये अलेक्झांडर फॉन हंबोल्ट आणि प्रोव्हांसाल यांनी माशांच्या श्वसनाचा रासायनिक हिशेब मांडला. पण सगळ्यांत रंगलेला वाद विसाव्या शतकाच्या आरंभी कोपनहेगनला झाला. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर याचे वडील क्रिस्तियान बोर हे नामांकित शरीरशास्त्रज्ञ. त्यांची ठाम समजूत होती की फुप्फुस प्राणवायू नुसता झिरपू देत नाही, ग्रंथीसारखा जोर लावून रक्तात ढकलते. त्यांच्या मनात ही कल्पना रुजवण्यात एका माशाचा वाटा होता. खोल पाण्यातल्या माशाच्या वाताशयात, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीत, हवेपेक्षा कितीतरी दाट प्राणवायू सापडतो. तो तिथे आपोआप कसा जाईल? बोर यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग आणि त्यांच्या पत्नी मारी क्रोग यांनी मोजमापे अधिकाधिक बारीक करत नेली आणि १९१० मध्ये दाखवून दिले की फुप्फुसात प्राणवायू केवळ जास्तीकडून कमीकडे झिरपतो, ढकलणारे कुणी नसते. गुरूच्या आयुष्यभराच्या मताविरुद्ध जाणे त्यांना सोपे गेले नसणार. वाताशयाचे कोडेही पुढे उलगडले. तिथल्या ग्रंथी रक्त आम्ल करतात, माशाचे हीमोग्लोबिन आम्लात प्राणवायू सोडून देते, आणि शेजारच्या केशवाहिन्यांच्या जाळ्यात पुन्हा उलट प्रवाहाचीच युक्ती असते. इथेही प्राणवायूला थेट ढकलणारे काही नाही. तरीही बोर यांनी विचारलेला प्रश्न खरा होता.

तेव्हापासून या क्षेत्रात ढोबळमानाने तीन घराणी दिसतात. एक मोजणाऱ्यांचे: पंपाचा दाब किती, पडदा किती जाड, रक्त किती वाहते. क्रोग यांच्यापासून ब्रिस्टलच्या जी. एम. ह्यूज यांच्यापर्यंत ही परंपरा येते आणि कल्ल्याचे आजचे चित्र त्यांनीच रेखाटले. दुसरे उत्क्रांतीच्या अभ्यासकांचे. डार्विनला वाटले होते की माशाच्या वाताशयापासून फुप्फुस झाले. आज बहुतेक अभ्यासक उलटे मानतात: फुप्फुस आधीचे, वाताशय नंतरचा. म्हणजे आपल्या छातीतला भाता मुळात माशाचा आहे. तिसरे घराणे पर्यावरणाचे, आणि त्याच्याकडे मी पुढे येतो.

हवा घेणाऱ्या माशांच्या अभ्यासात भारताचे स्थान मानाचे आहे, हे आपल्याकडे पुरेसे माहीत नाही. तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत डाल्डॉर्फ नावाच्या लेफ्टनंटने १७९१ मध्ये ताडाच्या खोडावर चढलेला मासा पाहिल्याची नोंद केली आणि युरोपात खळबळ उडाली. चढण्याबद्दल वाद होत राहिले. हवेत श्वास घेण्याबद्दल मात्र शंका उरली नाही. १९२७ मध्ये बी. के. दास यांनी भारतातल्या अशा माशांच्या श्वसनेंद्रियांवर लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात विस्तृत निबंध लिहिला. सुंदरलाल होरा यांनी डोंगरी ओढ्यांतल्या माशांबरोबर याही माशांचा माग काढला. पुढे भागलपूरला दत्ता मुन्शी यांनी एक संशोधनपरंपराच उभी केली, आणि १९९२ मध्ये त्यांनी ह्यूज यांच्यासोबत भारतातल्या हवा घेणाऱ्या माशांवर लिहिलेला ग्रंथ जगभर वापरला जातो. गाळाने भरलेली, उन्हाळ्यात आटणारी, शेवाळाने कोंदटलेली आपली तळी हीच या माशांची शाळा होती. मरळ, मांगूर, शिंगी यांना पाण्याने दगा दिला, तेव्हा त्यांनी हवेचा आसरा घेतला. आपल्या खाडीतली निवटी तर चिखलावर उड्या मारते, कल्ल्यांत पाणी साठवते आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेते.

मराठीचाही एक धागा इथे आहे. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक जातींना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावे दिली. कोलस, पोटेल यांसारखी ती नावे आजही जगाच्या शास्त्रीय याद्यांत टिकून आहेत. ज्या भाषेने शास्त्राला नावे पुरवली, तिच्यात त्या माशांच्या श्वासावर सलग पुस्तक असू नये, ही खंत मला अनेक वर्षे होती.

वाद संपलेले नाहीत. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञांचे म्हणणे आहे की माशाचे शरीर आकारमानाने वाढते, कल्ले मात्र पृष्ठभाग असल्यामुळे मागे पडतात. म्हणून माशाची वाढ शेवटी कल्लाच रोखतो आणि तापत्या समुद्रात मासे लहान होत जातील. अनेक शरीरशास्त्रज्ञांना हे मान्य नाही. घड्या घातलेला पृष्ठभाग गरजेप्रमाणे वाढवता येतो, असा त्यांचा प्रतिवाद आहे. आणखी एक पक्ष म्हणतो की कल्ले मुळात श्वासासाठी झालेच नाहीत, क्षारांचा तोल सांभाळणे हे त्यांचे आधीचे काम. क्षारांचा हा प्रश्न पाणी पिण्याशी जोडलेला आहे. पैसे खाणाऱ्या अधिकाऱ्याला कौटिल्याने पाण्यातल्या माशाची उपमा दिली, कारण तो पाणी कधी पितो ते कळत नाही. १९३० मध्ये होमर स्मिथ यांनी ते शोधून काढले: खाऱ्या पाण्यातला हाडांचा मासा सतत पितो, आणि त्यातले जादा मीठ प्रामुख्याने कल्ल्यांवाटेच बाहेर टाकतो. या पुस्तकाच्या लेखिकेने या वादांत निकाल दिलेला नाही, दोन्ही बाजू मांडल्या आहेत. पॉलींच्या बाबतीत तिने थोडे अधिक धीटपणे मत द्यायला हरकत नव्हती, असे मला वाटते.

हे पुस्तक आज का हवे, याचे उत्तर आपल्या नद्यांच्या काठावर आहे. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: शून्य अंशाला लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम, २० अंशांना ९.१, ३० अंशांना ७.५. त्याच वेळी थंड रक्ताच्या माशाची गरज मात्र वाढते. ही कात्री जगभर आवळत चालली आहे. १९६० नंतरच्या अर्धशतकात महासागरांनी दोन टक्क्यांहून अधिक प्राणवायू गमावला. आपल्या अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर जगातल्या सर्वांत तीव्र प्राणवायूटंचाईच्या पट्ट्यांपैकी एक आहे. पावसाळ्याच्या अखेरीस खोलातले हे कोंदट पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागापर्यंत चढते, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या समुद्रात वर्षानुवर्षे नोंदवले आहे. मांदेली-बोंबलांचा समुद्र आपल्याला अथांग वाटतो. श्वासाच्या दृष्टीने तो बराच उथळ आहे.

नद्या-तलावांत तर कारण आपणच. सांडपाणी, मळी, कुजणारी जलपर्णी यांवर जिवाणू तुटून पडतात आणि माशाआधी प्राणवायू संपवतात. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण पुन्हा पुन्हा वाचतो. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर तेच घडते, कारण श्रद्धेने सोडलेले अन्न पाण्यात कुजते. प्रत्येक वेळी बातमीत ‘विषारी पाणी’ हा शब्द येतो. विष असतेही, पण बऱ्याचदा तिथे कुणी विष घातलेले नसते, श्वास काढून घेतलेला असतो. अशा पाण्यात शेवटी उरतात ते हवा घेणारे मासे. सरकारने बंदी घातलेला आफ्रिकी मांगूर गटारासारख्या डबक्यांत फोफावतो तो याच बळावर. नदीत मासे आहेत म्हणजे नदी जिवंत आहे, असे म्हणण्याआधी कोणते मासे आहेत ते बघावे लागते.

लेखिकेने या पसाऱ्यातून वाट काढताना माशाचा हात सोडलेला नाही. तिने सूत्रे टाळली आहेत, मोजमापे टाळलेली नाहीत. परिभाषेत विश्वकोशातल्या ‘क्लोम’पेक्षा तिने ‘कल्ला’ पसंत केला, आणि झालर, कमान, झाकण असे घरातले शब्द कामाला लावले. विद्यार्थ्यांना याचा उपयोग होईलच, पण भोयांच्या आणि कोळ्यांच्या पोरांना हे पुस्तक परके वाटणार नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. अंटार्क्टिकातल्या हीमोग्लोबिन नसलेल्या, पांढऱ्या रक्ताच्या माशांवरचा भाग मी दोनदा वाचला. १९५४ मध्ये योहान रूड यांनी ते रक्त तपासले, तोवर पाठीचा कणा असलेला असा जीव असू शकतो यावर शास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. खोल समुद्रातल्या माशांना मात्र हात आखडून जागा मिळाली आहे. पुढच्या आवृत्तीत ती उणीव भरून निघावी.

वाचकांना एक विनंती. तळ्यातली शेवाळे दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्री तोच वापरतात. त्यामुळे पाण्यात तो सर्वांत कमी असतो पहाटे, सूर्य उगवण्याच्या जरा आधी. मासे मरतात तेही बहुधा त्याच वेळी, आणि पाण्याचा नमुना घ्यायला माणसे येतात दुपारी, जेव्हा आकडा पुन्हा चांगला झालेला असतो. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. तुमच्या गावच्या तळ्यावर एकदा पहाटे जा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ते खेळत नसतात. ग्रामपंचायतीला कळवा, आणि नमुना त्याच वेळी घ्यायला सांगा.